मी कुणाला दिलाच नव्हता, मग माझा ऑफिसचा ईमेल यांना मिळाला कुठून?

मृण्मयी_क | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज डोकं फिरलं म्हणून धागा काढतेय.

मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत परचेस बघते. ऑफिसचा ईमेल मी कुठे म्हणजे कुठे देत नाही. दुकानात बिल करताना मोबाईल नंबर विचारतात तेव्हाही "नाही देणार" म्हणणारी बाई आहे मी, मागे रांगेतले लोक उसासे टाकतात तरी. बँक, खरेदी, मुलाची शाळा सगळं पर्सनल जीमेलवर. ऑफिसचा आयडी फक्त आमच्या सप्लायर लोकांना आणि आतल्या माणसांना माहीत.

तर गेल्या महिन्यात एक मेल आला. "हाय मृण्मयी, सिनियर मॅनेजर झाल्याबद्दल अभिनंदन!" आणि खाली कसल्याशा सॉफ्टवेअरची जाहिरात. प्रमोशन होऊन जेमतेम सहा आठवडे झालेत, माझ्या सासूबाईंना अजून नवीन पदाचं नाव सांगता येत नाही आणि याला माहीत! मी उत्तर दिलं नाही. तीन दिवसांनी "माझा आधीचा मेल तुमच्या नजरेतून सुटला असावा". मग "फक्त १५ मिनिटं मिळतील का". आणि चौथ्या मेलमध्ये विचारलंय की तुम्हाला मगरीने वगैरे तर खाल्लं नाही ना. म्हणजे विनोद करतोय तो.

शेवटी खाली नंबर होता त्यावर फोन केला. पोरगा विशीतला असेल, मराठीच निघाला. म्हणाला मॅडम आम्ही टूल वापरतो, नाव आणि कंपनी टाकली की ईमेल येतो, महिन्याला ठरावीक क्रेडिट मिळतात, एका क्रेडिटला एक माणूस. म्हणजे मी एक क्रेडिट.

तर हे टूल माझा ईमेल आणतं कुठून, असं करणं कायद्यात बसतं का, आणि त्यातून आपलं नाव काढायचं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आयटीवाल्यांनी "सोप्पंय" म्हणून निघून जाऊ नये.

खोचक_पुणेकर | रात्री १०:५१

एक क्रेडिट म्हणजे रुपयात किती? आपली किंमत वेळेत कळलेली बरी.

नेटकरी_नाना | रात्री ११:२०

ताई, सोप्पंय. (हलकं घ्या, सांगतो.)

बहुतेक वेळा तुमचा ईमेल कुणी चोरलेला नसतो, तो ओळखलेला असतो. तुमच्या कंपनीतल्या एकाचा जरी पत्ता वेबसाइटवर, टेंडरमध्ये, कुठल्या पीडीएफमध्ये सापडला की साचा कळतो. नाव टिंब आडनाव, किंवा नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव, असे पाच-सहाच साचे असतात जगभर. मग तुमचं नाव त्यात ओतायचं.

ओतल्यावर खात्री कशी करतात ते ऐका. टूल तुमच्या कंपनीच्या मेल सर्व्हरला जाऊन म्हणतं, या पत्त्यावरच्या बाईंसाठी टपाल आणलंय, घेता का? सर्व्हर म्हणतो २५०, म्हणजे घेतो. माणूस नसेल तर ५५०, असं कुणी इथे राहत नाही. २५० ऐकलं रे ऐकलं की टूल टपाल न देताच पळतं. दुपारी बेल वाजवून पळणारी पोरं असतात ना बिल्डिंगमध्ये, तसं. तुम्हाला पत्ता लागत नाही कारण मेल आलेलाच नसतो. पूर्वी व्हीआरएफवाय नावाची कमांडच होती, सरळ विचारायचं की हा माणूस आहे का. या लोकांच्या त्रासाने बहुतेकांनी ती कधीच बंद केली. पण ही दुसरी कमांड बंद करता येत नाही, ती बंद केली तर खरं टपालही येणार नाही. काही कंपन्या "कॅच ऑल" ठेवतात, म्हणजे कुणाचंही नाव सांगा, दार उघडून "हो हो इथेच राहतात" म्हणायचं. तिथे टूलचा अंदाज अंदाजच राहतो.

याशिवाय त्यांचे क्रॉलर असतात, वेबपानं आणि पीडीएफ चाळत बसतात. ब्राउझरला लावायचे एक्स्टेन्शन असतात. आणि सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे काही टूल फुकट क्रेडिटच्या बदल्यात वापरणाऱ्याचं ॲड्रेसबुक आणि आलेल्या मेलखालच्या सह्या वाचायची परवानगी मागतात. तुम्ही काही दिलं नसेल, पण तुमच्या एखाद्या सप्लायरच्या पोऱ्याने "अलाऊ" दाबलं की तुम्ही गेलात.

प्रमोशनचं तर तुम्हीच जाहीर केलं असणार. लिंक्डइन?

मृण्मयी_क | रात्री ११:३४

हो. :( एचआरने सगळ्यांना सांगितलं होतं अपडेट करा म्हणून. १४० लोकांनी अभिनंदन केलं, त्यातले ओळखीचे नऊ.

झुणका | रात्री ११:४०

बेल वाजवून पळणं, खल्लास उपमा नाना. +१

सेल्सचा_बळी | बुधवार, सकाळी ८:१५

ताई, तो मगरीवाला मेल लिहिणारा मी असू शकलो असतो. मी हेच काम करतो, बंगळुरात. दुसरी बाजू पण ऐका.

आमच्यासारख्याला महिन्याला ठरावीक मीटिंगचं टार्गेट असतं. ती मगर माझी नाही, टेम्पलेटमधली आहे, अमेरिकेतून आलीय, तिकडे म्हणे लोक हसतात. चार मेलची माळ आधीच लावलेली असते, तुम्ही उत्तर दिलं नाही की पुढचा आपोआप जातो, मला माहीत पण नसतं तुम्हाला काय गेलं ते. आणि खरं सांगतो, तुम्ही "नको" असं एका शब्दात उत्तर दिलंत तरी माळ तिथेच तुटते. गप्प राहणाऱ्याला चारही जातात.

शिवाय मी तुमच्या घरच्या ईमेलवर आलो नाही. तुम्ही परचेस बघता, मी परचेसचं सॉफ्टवेअर विकतो. कापडवाल्याने शिंप्याकडे जायचं नाही तर कुणाकडे?

खोचक_पुणेकर | सकाळी ८:३२

शिंप्याकडे जावं. १ ते ४ जाऊ नये.

फौंड्रीवाला | सकाळी ९:०५

बळी भावाशी सहमत. माझा अनुभव सांगतो बघा.

कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. आमची छोटी फौंड्री, व्हॉल्व्ह आणि पंपाची कास्टिंग करतो. तीन पिढ्या लोकल गिऱ्हाईक. एक्सपोर्ट करायचं तर दोनच रस्ते, एक म्हणजे मध्ये एजंट घ्यायचा तो मलई खाणार, नाहीतर जर्मनीला प्रदर्शनात स्टॉल मांडायचा, त्याचा खर्च ऐकून वडिलांचा बीपी वाढला होता. तर भाच्यानं ह्यातलं एक टूल घेतलं. मी म्हटलं फसवणूक असणार. पोरानं पंप बनवणाऱ्या कंपन्या शोधल्या, परचेसवाल्याचं नाव काढलं, आणि दिवसाला फक्त दहा मेल, प्रत्येक वेगळा, तुमच्या ह्या मॉडेलचं केसिंग आम्ही ह्या ग्रेडमध्ये करू शकतो, सोबत आमच्या लॅबचा रिपोर्ट. चार महिन्यात इटलीच्या एका माणसानं सॅम्पल मागवलं. आज दर महिन्याला माल जातोय. मोठ्या कंपनीचं दार आमच्यासाठी कोण उघडणार होतं हो? वॉचमन गेटवरच विचारतोय कुणाकडं जायचंय, आणि नाव सांगता आलं नाही तर सोडत न्हाई.

त्यामुळं टूल वाईट असं मला म्हणवत नाही. वापरणारा हावरट असतोय.

मृण्मयी_क | सकाळी ९:४८

फौंड्रीवाले दादा, खरं सांगू, तुमच्यासारखा मेल आला असता तर मी वाचला असता. म्हणजे माझं कामच आहे ते. मला जो आला त्यात कंपनीचं नाव पण चुकीचं होतं एका मेलमध्ये, आमच्या स्पर्धकाचं टाकलेलं!

पण तरी एक आहे. त्या टूलवाल्याच्या यादीत माझं नाव, पद, ईमेल, शहर सगळं एका ओळीत पडलंय आणि ते तो तुम्हालाही विकतो आणि मगरीलाही. मला कुणी विचारलं?

निवृत्त_पोस्टमन | सकाळी ११:१०

मला एक कळत नाही. आमच्या काळी टेलिफोन डिरेक्टरी घरपोच यायची. गावातल्या प्रत्येक फोनवाल्याचं नाव, पत्ता, नंबर. जाडजूड. लहान मुलं तिच्यावर बसून जेवायची. उलट डिरेक्टरीत नाव असणं प्रतिष्ठेचं होतं, लोक दाखवायचे. तेव्हा कुणी प्रायव्हसी प्रायव्हसी केलं नाही. मग आता एवढा गहजब कशाला?

नेटकरी_नाना | सकाळी ११:४५

काका, मुद्दा चांगला आहे आणि त्याचं उत्तर इतिहासातच आहे. जगातला पहिला स्पॅम ३ मे १९७८ चा धरतात. अमेरिकेत अर्पानेट होतं, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज, त्यावर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने नवीन कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण सुमारे ४०० जणांना एकदम पाठवलं. आणि पत्ते कुठून घेतले? अर्पानेटच्या छापील डिरेक्टरीतून. हाताने टाइप करून. इतके झाले की पत्त्याच्या रकान्यात मावले नाहीत, उरलेले मेलच्या मजकुरातच सांडले. लोक भयंकर भडकले होते.

म्हणजे डिरेक्टरी निरुपद्रवी होती कारण टाइप करायचा कंटाळा होता! तो कंटाळाच आपलं संरक्षण होतं. तुमच्या डिरेक्टरीतून "पुण्यातल्या सगळ्या परचेस मॅनेजर बायका" अशी यादी दोन सेकंदात निघत नव्हती, आणि फोन करायला पैसे पडायचे.

निवृत्त_पोस्टमन | दुपारी १२:०२

हे पटलं. पोस्टकार्ड १५ पैशांचं होतं तेव्हा "हे पत्र ११ जणांना पाठवा नाहीतर अनिष्ट होईल" वाली पत्रं मी स्वतः वाटली आहेत. लोक घाबरून पाठवायचे पण ११ च पाठवायचे, १६५ पैशांच्या वर कुणी गेलं नाही.

प्राध्यापक_कंटाळे | दुपारी १:३०

आमच्याकडे या, मग कळेल स्पॅम. शोधनिबंध छापला की त्याखाली पत्रव्यवहारासाठी लेखकाचा ईमेल द्यावाच लागतो. तो दिला की संपलं. रोज सकाळी "आदरणीय थोर प्राध्यापक महोदय, शुभेच्छा!!" अशी सुरुवात. यांच्या जर्नलमध्ये लेख द्या, सात दिवसांत छापू, फक्त इतके डॉलर.

मी मराठीचा प्राध्यापक. जात्यावरच्या ओव्यांवर एक निबंध लिहिला होता, इंग्रजी सारांशात "ग्राइंडिंग" हा शब्द आला. तेव्हापासून मला दगड फोडायच्या यंत्रांच्या परिषदांची आमंत्रणं येतात. एकदा तर मुख्य वक्ता म्हणून बोलावलं, जाण्यायेण्याचा खर्च अर्थात माझा. बायको म्हणते जाऊन या, ओव्या म्हणा.

झुणका | दुपारी १:३४

सर जाच. "पहिली माझी ओवी गं क्रशर यंत्राला"

तिसरा_अमोल | दुपारी २:२०

टूलच्या अंदाजाबद्दल. आमच्या कंपनीत माझ्या नावाआडनावाचे तिघे आहेत. पहिला रुजू झाला त्याला साधा आयडी मिळाला, दुसऱ्यापुढे २, माझ्यापुढे ३. टूल बिचारं साचा लावतं, सर्व्हर म्हणतो २५०, आणि सगळं पहिल्याला जातं. मी आयटी सिक्युरिटीत आहे. पहिला पेंट शॉपला आहे. त्याला आठवड्यातून पाच जण फायरवॉल विकतात. तो मला फॉरवर्ड करतो आणि वर लिहितो "तुझं स्थळ".

तात्पर्य काय तर मराठी माणसाने मुलाचं नाव सगळ्यात कॉमन ठेवावं आणि कंपनीत उशिरा रुजू व्हावं.

माडावरची | दुपारी ३:०५

आडनावांच्या स्पेलिंगमुळे पण वाचतो आपण. आमच्या गोव्यात एकाच वाड्यावर एकच आडनाव चार घरं चार तऱ्हेने लिहितात, पोर्तुगीज वळणाचं वेगळं, मराठी वळणाचं वेगळं. बँकेत त्रास होतो पण टूलची पण वाट लागत असणार.

माझा होमस्टे आहे पेडण्याकडे. वेबसाइटवर ईमेल टाकला तर "तुमची साइट गूगलवर पहिली आणून देतो" वाले दिवसाला वीस. मग सरकारी साइटवर असतं तसं चौकटी कंसात ॲट, चौकटी कंसात डॉट असं लिहिलं. काय झालं सांगू, गिऱ्हाईकाला कॉपी करता येईना, चौकशा कमी झाल्या, आणि गूगलवाले मात्र वीसचे वीस येतच राहिले.

नेटकरी_नाना | दुपारी ३:१५

ते कंसातलं ॲट बॉटला एका ओळीच्या नियमात कळतं. माणसालाच कळत नाही. फॉर्म ठेवा त्याऐवजी.

स्टार्टप_सोडलेला | दुपारी ३:५०

अवांतर पण जवळचं. नवीन कंपनी रजिस्टर करून बघा एकदा. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचा ईमेल नोंदीत असतो. सर्टिफिकेट मला मिळायच्या आधी करंट अकाउंटवाल्यांचे फोन सुरू. डोमेन घेतलं तर पाचव्या मिनिटाला वेब डिझायनर. मला अजून लोगो सुचला नव्हता आणि तीन जणांनी करून पाठवला. कंपनी बंद होऊन दोन वर्षं झाली, "तुमच्या वाढत्या व्यवसायासाठी" असे मेल अजून येतात, तेवढाच काय तो दिलासा.

काळाकोट | संध्याकाळी ६:४०

कायद्याचं विचारलंय म्हणून लिहिते. हा सल्ला समजू नये, फी मिळालेली नाही.

भारतात ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. फोन आणि एसएमएससाठी ट्रायचे २०१८ चे नियम आहेत, १९०९ वर डीएनडी लावता येतं, ईमेल त्यात येत नाही. गंमत अशी की आयटी कायद्याच्या ६६अ कलमात त्रास द्यायला किंवा पाठवणारा कोण हे लपवून फसवायला पाठवलेल्या ईमेलचा स्पष्ट उल्लेख होता. पण ते कलम फेसबुकवर काही लिहिलं म्हणून लोकांना अटक करायला वापरलं गेलं, २०१२ चं पालघरचं प्रकरण आठवत असेल. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते अख्खं रद्द केलं. योग्यच केलं, पण सुक्याबरोबर ओलंही जळलं.

आता उरला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. दंड २५० कोटींपर्यंत, आकडा ऐकायला छान आहे. मात्र त्यात एक खिडकी उघडी ठेवलीय. जी माहिती तुम्ही स्वतःच सार्वजनिक केलीत तिला हा कायदा लागू नाही. कायद्यात उदाहरणच दिलंय, ब्लॉग लिहिताना स्वतःची माहिती समाजमाध्यमावर टाकणाऱ्या व्यक्तीचं. म्हणजे मृण्मयीताईंचं लिंक्डइनवरचं नाव आणि पद या खिडकीतून गेलं. ईमेल त्यांनी टाकला नव्हता, तो टूलने अंदाजाने बनवला, त्यामुळे तो "स्वतः सार्वजनिक केलेला" म्हणता येणार नाही असं माझं मत. समोरचा वकील म्हणेल कंपनीने दिलेला पत्ता, तो वैयक्तिक कसला. यावर भांडायला मजा येईल.

खोचक_पुणेकर | संध्याकाळी ६:५५

आधी सार्वजनिक करून मग खासगी म्हणायचं हा पुण्यातल्या पाट्यांचा पण नियम आहे. "येथे राहणाऱ्या कुलकर्ण्यांचा पत्ता विचारू नये."

संपादक_मंडळ | संध्याकाळी ७:३०

पालघर प्रकरणावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागा ईमेलचा आहे, कृपया ईमेलवर राहा.

राईनकाठी | रात्री ९:१०

इकडे जर्मनीत चित्र उलट आहे. अनुचित स्पर्धा कायद्याचं ७ वं कलम म्हणतं की आधी स्पष्ट संमती नसेल तर जाहिरातीचा ईमेल म्हणजे त्रासच, कंपनीला पाठवला तरी. वकिलाची नोटीस घरी येते, बिलासकट. (फौंड्रीवाले दादा, इटलीत गिऱ्हाईक मिळालं ते बरं झालं, जर्मनीला दहा मेल पाठवताना जरा विचारून घ्या.)

आणि जीडीपीआर, म्हणजे युरोपियन युनियनचा डेटा संरक्षण कायदा, मे २०१८ पासून आहे. त्यात माहिती तुमच्याकडून न घेता दुसरीकडून मिळवली असेल तर महिन्याभरात तुम्हाला कळवायचं बंधन आहे. कलम १५ ने काय माहिती आहे आणि कुठून आणली ते विचारता येतं, १७ ने पुसायला लावता येतं, आणि जाहिरातीसाठी वापरू नका म्हटलं की २१ खाली त्यांना वाद घालता येत नाही, थांबावंच लागतं.

फ्रान्समध्ये डिसेंबर २०२४ ला कास्पर नावाच्या एक्स्टेन्शन कंपनीला सीएनआयएलने, म्हणजे तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने, २,४०,००० युरो दंड केला. यांच्याकडे जवळपास १६ कोटी लोकांचे संपर्क होते, लिंक्डइनवरून ओरपलेले, ज्यांनी "फक्त ओळखीच्यांना दिसावं" अशी सेटिंग केली होती त्यांचेसुद्धा. लोकांना कळवायला सुरुवात केली चार वर्षांनी, आणि तेही इंग्रजीतून. फ्रेंच लोकांना इंग्रजीतून! मला वाटतं निम्मा दंड त्याचाच असणार.

झुणका | रात्री ९:१४

कास्पर म्हणजे तो अँटीव्हायरस ना?

राईनकाठी | रात्री ९:१६

नाही रे, त्याला पुढे स्की आहे.

माईंचा_नातू | रात्री १०:०५

मी जीमेलमधली अधिक चिन्हाची युक्ती वापरतो. आपल्या आयडीनंतर अधिक चिन्ह टाकून पुढे काहीही लिहा, मेल आपल्यालाच येतो. मग कुणी पत्ता विकला ते कळतं. लग्नाच्या एका साइटवर मी अधिक करून "विवाह" असं लिहिलं होतं. दोन वर्षं एक पण स्थळ आलं नाही, पण त्याच पत्त्यावर गृहकर्जाच्या तीन ऑफर आल्या. म्हणजे मी पसंत नाही, माझा पगार पसंत आहे.

नेटकरी_नाना | रात्री १०:२०

युक्ती आता सगळ्यांना ठाऊक झालीय, यादी धुताना अधिक चिन्हापुढचं कापूनच टाकतात. ॲपलचं "हाइड माय ईमेल" किंवा फायरफॉक्सचं "रिले" वापरा, त्यात प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता मिळतो आणि नको झाला की बंद करता येतो.

आणि ज्यांना वाटतं यादीत असलो तर काय बिघडलं, त्यांच्यासाठी एक. ईमेल खरा आहे की खोटा हे तपासून देणारी व्हेरिफिकेशन्स डॉट आयओ नावाची सेवा होती. २०१९ मध्ये त्यांचा डेटाबेस पासवर्डशिवाय उघडा सापडला, ७६ कोटी ३० लाख ईमेल. बातमी आल्यावर साइटच गायब झाली. फुटलेल्या याद्यांत आपला पत्ता आहे का ते सांगणारी ट्रॉय हंटची "हॅव आय बीन पोन्ड" साइट आहे, तिथे टाकून बघा, ज्या कंपनीचं नाव जन्मात ऐकलं नाही तिथून तुम्ही फुटलेले निघाल.

देवनागरीप्रेमी | रात्री १०:४१

उपाय मराठीतच आहे. डॉट भारत ही डोमेनं २०१४ पासून मिळतात, ईमेल पण पूर्ण देवनागरीत घेता येतो. मी घेतलाय. एकही स्पॅम नाही.

तिसरा_अमोल | रात्री १०:४४

स्पॅम सोडा, काही येतं का त्यावर?

देवनागरीप्रेमी | रात्री १०:५८

कुठलाच फॉर्म तो पत्ता वैध मानत नाही त्यामुळे सध्या नाही.

सेल्सचा_बळी | गुरुवार, सकाळी ८:४०

एक आतली गोष्ट सांगतो, नोकरी जायची नाही एवढी. आम्ही कंपनीच्या खऱ्या डोमेनवरून पाठवतच नाही. मिळतीजुळती चार-पाच डोमेनं घेतो, चुलत डोमेनं म्हणा. मग ती "वॉर्मअप" करायची. म्हणजे टूलच्याच शेकडो खोट्या मेलबॉक्स एकमेकांना मेल पाठवतात, उत्तरं देतात, स्पॅममध्ये गेला तर ओढून इनबॉक्समध्ये आणतात, म्हणजे गूगलला वाटावं की हा सज्जन माणूस आहे. दोन-तीन आठवड्यांनी खऱ्या लोकांना सुरू.

प्राध्यापक_कंटाळे | सकाळी ८:५२

हे तर आमच्या साहित्य संस्थेच्या पुस्तक प्रकाशनासारखं झालं. आपलीच माणसं, आपल्याच टाळ्या.

नेटकरी_नाना | सकाळी ९:३०

आणि म्हणूनच स्पॅमचं बटण दाबा, नुसतं डिलीट करू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांना नियम लावलेत. जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्याने एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्यायचं आणि स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवायच्या. म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबलं की गाडी घसरायला लागते. हे पर्सनल जीमेलसाठी आहे, ऑफिसच्या खात्यांना लागू नाही, म्हणून तर हे लोक ऑफिसच्या पत्त्यांवर जास्त तुटून पडतात. तरी ऑफिसातही दाबा, तुमच्या आयटीच्या फिल्टरला शिकवण मिळते.

फौंड्रीवाला | सकाळी १०:१५

नाना, आमचे दिवसाला दहाच जातात हं. बटण दाबू नका.

सोसायटी_सेक्रेटरी | सकाळी १०:५०

टूल कशाला पाहिजे, आमच्या माजी अध्यक्षांनी गणपतीच्या वर्गणीचा मेल २१२ सभासदांना सीसी करून टाकला. आठवड्याच्या आत सगळ्यांना वॉटर प्युरिफायर. बीसीसी म्हणजे काय ते एजीएममध्ये समजावून सांगितलं तर म्हणाले "मी लपवून काही करत नाही".

मृण्मयी_क | रविवार, संध्याकाळी ५:२२

अपडेट द्यायला आलेय.

त्या पोराला परत फोन केला, टूलचं नाव विचारलं, त्याने सांगितलं (इथे देत नाही). त्यांच्या साइटवर अगदी तळाला, बारीक राखाडी अक्षरात "माझी माहिती काढा" असं पान आहे. त्यात ईमेल टाकायचा, मग त्या ईमेलवर लिंक येते, ती दाबून सिद्ध करायचं की मी मीच आहे. म्हणजे यादीतून निघायचं तर आधी सांगायचं की हो, पत्ता खरा आहे आणि चालू आहे! दोन दिवस दाबू की नको यात गेले. शेवटी दाबली. राईनकाठी यांनी सांगितलेलं कलम १५ पण मी सोबत लिहून टाकलं, भारतातून, म्हटलं लागू असो नसो, घाबरतील. आणि खरंच उत्तर आलं. माहिती काढली म्हणाले, आणि पत्ता कुठून मिळाला ते पण कळवलं.

आता हसू नका.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने हनुमान टेकडीच्या बाजूला वृक्षारोपण केलं होतं. त्याची पीडीएफ अजून आमच्या वेबसाइटवर आहे. खाली "अधिक माहितीसाठी संपर्क" म्हणून माझं पूर्ण नाव आणि ऑफिसचा ईमेल. ती पीडीएफ मी बनवलेली. फॉन्ट पण मीच निवडला होता.

काळाकोट | संध्याकाळी ५:३०

खिडकी.

नेटकरी_नाना | संध्याकाळी ५:४१

म्हणजे बेल वाजवायची गरजच पडली नाही त्यांना. दाराला पाटी होती. ती पीडीएफ आधी उतरवा, नाहीतर पुढच्या फेरीत क्रॉलर परत उचलेल, या टूलचा नाही तर दुसऱ्याचा.

मृण्मयी_क | संध्याकाळी ५:५०

आयटीला तिकीट टाकलंय. त्यांचं उत्तर आलं की वेबसाइट ज्या एजन्सीने केली तिचा करार संपलाय, आत शिरायचा पासवर्ड कुणाकडे नाही.

सेल्सचा_बळी | संध्याकाळी ६:०५

वेबसाइट मेंटेनन्सवाले एक जण माझ्या ओळखीचे आहेत, मेल करायला सांगू का?

निवृत्त_पोस्टमन | संध्याकाळी ६:१२

ते सगळं राहू दे. त्या झाडांचं काय झालं?

मृण्मयी_क | संध्याकाळी ६:२०

दीडशे लावली होती काका. गेल्या पावसाळ्यात बघून आले. अकरा आहेत.